मेव्हण्यांचे एकोणतीस धोंडे

आमच्या मेव्हण्यांइतका वैताग देणारा सज्जन माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. वैताग देणारी माणसं पुष्कळ असतात, पण ती बहुधा सज्जन नसतात, त्यामुळे त्यांच्यावर मोकळेपणाने चिडता तरी येतं. मेव्हण्यांच्या बाबतीत तीही सोय नाही. ते कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत, बहिणीची, म्हणजे माझ्या बायकोची, भाऊबीज कधी चुकवत नाहीत, आणि माझ्यापेक्षा हुद्द्याने कितीतरी मोठे असून मला अगदी अदबीने "दाजी" म्हणतात. फक्त त्यांच्यासमोर कुणी साधं वाक्य बोललं, की ते वाक्य हातात घेऊन वांगी निवडावीत तसं उलटंसुलटं करून बघतात आणि कीड नेमकी शोधून काढतात. मी पस्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, वाक्प्रचारावाचून माझं पान हलत नाही. "चार लोक काय म्हणतील?" असं मी म्हणालो, की ते शांतपणे विचारतात, "कोणते चार?" "दोन मिनिटांत आलो" म्हणून मी चप्पल घातली, की परत आल्यावर ते घड्याळाकडे न बघता सांगतात, "सव्वीस." एकदा त्यांचं नाव निघालं असतानाच ते दारात उभे राहिले. मी कौतुकाने म्हणालो, "शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला!" त्यांनी बूट काढता काढता विचारलं, "कोणत्या तक्त्याप्रमाणे?"

कितव्या वर्षी किती माणसं जातात याचे तक्ते, हाच त्यांचा धंदा. मुंबईतल्या एका आयुर्विमा कंपनीत ते मुख्य ॲक्च्युअरी आहेत. हा शब्द सोलापुरात कुणाच्या तोंडात बसत नाही. मी मराठीचा मास्तर या नात्याने "विमागणितज्ञ" असा शब्द वापरून पाहिला, पण तो म्हणून होईपर्यंत समोरचा माणूस सात रस्ता चौक ओलांडून पलीकडे गेलेला असतो. आमच्याकडे विमा म्हटलं की एजंट. त्यामुळे मेव्हणे गावात आले, की बुडालेल्या पॉलिशा पिशवीत घालून लोक येतात आणि "सायब, ह्येचं काय तरी बगा की" म्हणून समोर बसतात. त्यातून माझ्या सासूबाईंनी लेकाच्या कामाचा आपल्यापुरता अर्थ लावून ठेवला होता आणि तो गल्लीभर सांगितला होता. "माजं लेकरू इम्याच्या हापिसात लई मोटं हाय. औंदा किती माणसं मरणार त्ये समदं त्येलाच ठावं असतंय." हे ऐकून त्यांच्या माहेरचा, वळसंगचा एक शेतकरी चक्क हात पुढे करून आला. "सायब, माजं किती ऱ्हायलंय त्येवडं सांगा. पोरीचं लगीन औंदा करू का फुडल्या साली, त्ये ठरवायचंय." मेव्हण्यांनी त्याला अर्धा तास समजावलं, की एका माणसाचं काही सांगता येत नाही, तुझ्यासारखी एक लाख माणसं आण, मग त्यातली किती जातील ते सांगतो. तो बिचारा विचारात पडला आणि म्हणाला, "एक लाख कुटनं आनू सायब? समदं वळसंग आनलं तरी भागंना की."

हा हुद्दा त्यांना सहजासहजी मिळालेला नाही, आणि तो मिळेपर्यंत घरच्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता. बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी या ॲक्च्युअरीच्या परीक्षा द्यायला घेतल्या. माझी समजूत अशी, की परीक्षा देतात, पास होतात किंवा नापास होतात आणि संपते. ही संपतच नव्हती. एक पेपर सुटला की दुसरा उभा, तो सुटला की तिसरा. माझे सासरे गिरणीत होते. ते दर रविवारी विचारायचे, "झाली का रं परीक्षा?" आणि मेव्हणे म्हणायचे, "थोडी राहिलीय." शेवटी सासरे निवृत्त झाले, पुढे गिरणीलाही टाळं लागलं, तरी परीक्षा चालूच. "गिरणी संपली, पर ह्येचा अब्यास संपंना," असं ते येईल त्याला सांगायचे. दोन पेपरांच्या मधल्या फटीत मेव्हण्यांचं लग्न झालं. मुलगी बघायला मी बरोबर होतो. कांदेपोहे आले, मुलगी आली, आणि काही विचारायचं असेल तर विचारा म्हटल्यावर मेव्हण्यांनी विचारलं, "तुमचे आजोबा कशाने गेले? आणि कितव्या वर्षी?" मुलीने मान वर केली आणि म्हणाली, "तुम्हाला बायको हवी आहे की गिऱ्हाईक?" मला तिथेच खात्री पटली, की या घरात हीच नांदू शकेल. आज त्या आमच्या वहिनी आहेत आणि मेव्हण्यांना गप्प करण्याची कला जगात फक्त त्यांनाच अवगत आहे.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही तर शिक्षाच. मागे एकदा मोहोळजवळ माझ्या एका विद्यार्थ्याच्या शेतावर हुरड्याला जायचं ठरलं. आमचे नेहमीचे गाडीवाले रशीदभाई आले. मेव्हण्यांनी गाडीत बसण्याआधी त्यांना वय विचारलं, रात्री किती तास झोपलात विचारलं, चष्म्याचा नंबर विचारला. रशीदभाई दिलदार माणूस. हसून म्हणाले, "अल्ला मालिक है, साब." मेव्हणे म्हणाले, "मालिक ते आहेत, पण चालवणार तुम्ही आहात." मोहोळ येईपर्यंत रशीदभाईंनी एकाही ट्रकला मागे टाकलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा हुरडा गार झाला होता आणि शेंगाचटणीचा नुसता वाडगा उरला होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढा वैताग होता तर बोललो का नाही. एकदा बोललो. "पाहुणे, जरा अंदाजपंचे बोलायला काय जातं तुमचं?" तर नेहमीसारखं कीड काढायचं सोडून त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दाजी, वर्षातून एकदा मी एका कागदावर सही करतो. कंपनीने ज्यांना ज्यांना शब्द दिलाय, त्या सगळ्यांचा शब्द पाळता येईल एवढं तिच्याकडे आहे, अशी ती सही. आज कुणीतरी बाई पहिला हप्ता भरते. तीस वर्षांनी तिच्या हातात काही पडणार की नाही, ते माझ्या आजच्या दशांशावर आहे. तेव्हा मी जागेवर नसेन. मी अंदाजपंचे बोललो तर ती कुणाला विचारणार?" मी आपला "पाऊण चमचाच घेतो" म्हणत साखरेकडे वळलो. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी माझ्या हातातला चहाचा चमचा बघून "हा पाऊण नाही, सपाट चमचा आहे" असं सांगितलं, त्यामुळे मनात आलेला आदर तसाच गिळावा लागला.

तर अशा या माणसाच्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ऐंशी वर्षं पूर्ण केली. सासरे गेल्यापासून त्या आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहत. मुंबईला जायचं नाव काढलं की म्हणत, "तितं वरच्या मजल्यावर जमीन न्हाय, मानूस न्हाय, काय करू?" त्यांच्या माहेरी त्यांच्या पिढीत एवढं वय कुणाला लाभलं नव्हतं. आयुष्यात त्यांनी कधी काही मागितलं नाही, पण सहस्रचंद्रदर्शनाची हौस मात्र मनापासून होती. आयुष्यात हजार पौर्णिमा पुऱ्या केलेल्या माणसाला पाटावर बसवायचं, दिव्यांनी ओवाळायचं, गोडाधोडाचं जेवण घालायचं. "एकडाव समदं वळसंग हितं आनून माज्या दारात जेवाया घालायचं हाय," एवढंच त्यांचं म्हणणं. पूजेचे गुरुजी म्हणाले, ऐंशी सरली, एक्क्याऐंशीवं लागलं, आता केव्हाही करा. दिवाळीच्या आसपास धरू, असं माझ्या बायकोने ठरवूनही टाकलं आणि चूक अशी केली, की भावाला फोन करून कळवलं.

"हजार झाल्या का?" मेव्हण्यांनी विचारलं.

तिथून आमच्या घराची शांती गेली. हजार म्हणजे हजार, नावातच हजार आहे, नऊशे नव्वदला सहस्र म्हणणारे तुम्ही कोण, असं म्हणत ते पुढच्याच शनिवारी सोलापुरात हजर झाले. आधी आईच्या वयाचा पुरावा हवा. शाळेच्या दाखल्यावर एक जून. त्या काळी मास्तरांनी निम्म्या वर्गाला एकाच दिवशी जन्माला घातलेलं, त्यामुळे तो बाद. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी जन्म झाला एवढं पक्कं होतं, पण कोणत्या सालच्या? सासूबाई मला म्हणाल्या, "जावईबापू, ह्येला सांगा की. मी जल्मले व्हते. पुराव्याला मीच बसलीया न्हवं हितं." पण नाही. मला बरोबर घेऊन स्वारी वळसंगला गेली. तिथे सासूबाईंच्या बालमैत्रीण भेटल्या. त्यांचे वडील गावचे पाटील, त्यामुळे त्यांच्या जन्माची नोंद चोख. त्यांनी डोळ्यांवर हात धरून मेव्हण्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुजी आय व्हय? ती माज्यापरास म्हशीच्या एका वेतानं मोटी." मेव्हण्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि तिथेच ओट्यावर बसून एका जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हशीच्या दोन वेतांमध्ये सरासरी किती महिने जातात, आणि त्यात कमीजास्त किती. मी तोंड फिरवून उभा राहिलो. गावात माझे दोन विद्यार्थी राहतात.

म्हशीने साल ठरवलं. मग पौर्णिमा मोजायच्या होत्या. बारा महिन्यांच्या बारा सोप्या, पण दर अडीच-तीन वर्षांनी पंचांगात एक जादा महिना येतो. शहाणे लोक त्याला अधिक महिना म्हणतात, आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. माझ्या लग्नापासूनचे धोंडे तर मला चवीसकट आठवत होते. त्याआधीचे सासूबाईंनी सांगितले, आणि त्याही आधीचे जुन्या पंचांगांतून काढले. मेव्हणे वाचत होते आणि मी एका लांबलचक कागदावर लिहीत होतो, साधे महिने निळ्या शाईने, धोंडे लाल शाईने. दोन दिवस हा उद्योग चालला. लाल शाईचे एकोणतीस धोंडे झाले. माझ्या हाताने लिहिले, त्यांनी दोनदा मोजले, तिसऱ्यांदा बरोबर आलेल्या वहिनींकडून मोजून घेतले. निकाल असा लागला, की हजारावी पौर्णिमा ज्येष्ठातली. म्हणजे दिवाळी गेली, संक्रांत गेली, पाडवा गेला, सोलापूरचा वैशाख अंगावर काढायचा आणि मग कार्यक्रम. "आणि ढगांमुळे न दिसलेल्या पौर्णिमा मी वजा केलेल्या नाहीत," मेव्हणे उदारपणे म्हणाले, "ती सवलत समजा."

माझी बायको रडली, मी ओरडलो, गुरुजींनी शास्त्राधार काढून दाखवला. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सासूबाईच लेकाच्या बाजूने गेल्या. "त्यो म्हनतोय म्हंजी तसंच आसंल. हजार झाल्याबिगर मी पाटावर बसायची न्हाय. लेकाच्या कागदात जेठाची पुनव हाय, तवाच." पुढे गुरुजी विचारायला आले तेव्हाही हेच. लेकाचा कागद त्यांनी देव्हाऱ्याखाली घडी करून ठेवला होता. आता अक्षर लागत नसलं तरी लाल शाई कुठली आणि निळी कुठली, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

कार्तिकात त्यांना दम लागायला लागला. आधी थंडीने असेल वाटलं. मग चार पावलं चालल्या तरी बसायला लागायचं. मेव्हणे मुंबईहून आले आणि आम्ही त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. सासूबाई बाहेर माझ्या बायकोजवळ बसल्या आणि आम्ही दोघं आत गेलो. डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, या वयात मोठं काही करण्यासारखं नाही, जपा. मेव्हण्यांनी विचारलं, "ज्येष्ठापर्यंत?" डॉक्टर तरुण होते, भले होते. म्हणाले, "अशा पेशंटमध्ये कुणी दोन वर्षं काढतात, कुणी दोन महिने. एका माणसाचं नक्की सांगता येत नाही." मेव्हणे खुर्चीत थोडे पुढे सरकले. "मला सगळ्यांचं नको आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "हिचं एकटीचं सांगा." हा माणूस असं काही विचारेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी आईच्या हातातली पिशवी घेतली, ती उलटी धरली, त्यातली संत्री जिन्यावर घरंगळत गेली, आणि आम्ही दोघं वाकून ती गोळा करत राहिलो.

आठ दिवसांनी मुंबईहून त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा कोरडा. "दाजी, हिशेबात चूक झाली. सहा धोंडे धरायचे राहिले. काल रात्रभर बसून पुन्हा मोजलं. हजारावी पौर्णिमा याच मार्गशीर्षातली आहे. गुरुजींना सांगा, दत्तजयंतीला कार्यक्रम. वळसंगला निरोप द्या." मी फोन ठेवला आणि सासूबाईंकडे जाऊन देव्हाऱ्याखालचा कागद काढला. लाल शाईचे धोंडे मोजले. एकोणतीसच्या एकोणतीस जागच्या जागी होते. एकही राहिलेला नव्हता. मी कागदाची घडी घातली आणि सासूबाईंना म्हणालो, "तुमच्या लेकाची मोजण्यात चूक झाली होती. हजार आता याच महिन्यात होताहेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं. "आसं व्हय," म्हणाल्या. "मग ह्यो म्हैना चालतोय की."

कार्यक्रम थाटात झाला. वळसंगहून टेंपो भरून माणसं आली. त्या बालमैत्रीणही आल्या, म्हशीचा विषय निघाला आणि सगळं अंगण हसलं. बायकांनी सासूबाईंना ओवाळलं. त्या हिरव्या काठाच्या नव्या साडीत पाटावर ताठ बसल्या होत्या. पंक्तीवर पंक्ती उठत होत्या आणि मेव्हणे स्वतः पोळ्या वाढत फिरत होते. कुणी "एकच" म्हणालं तर दोन टाकत होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी पाहुणे पांगले. सासूबाईंना गच्चीवर खुर्ची टाकून दिली होती, समोर चंद्र वर येत होता. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "जावईबापू, आजून सहा कमी हायती न्हवं?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"धोंडे धरलं न्हवतं म्हनतोय. मीच त्येला येकेक सांगून लिवून घ्यायला लावलंय की. तुमीच लिवलं, तांबड्या शाईनं." त्यांनी दम घेतला. "त्येला बोलू नका बरं का. ल्हानपनापास्नं कदी चुकाया आलं न्हाय त्येला. येकडाव चुकलाय, त्ये बी माज्यासाटी. चुकू द्या."

त्यानंतर पौषातली पौर्णिमा त्यांनी गच्चीवरून पाहिली, माघातली खिडकीतून. होळीच्या दिवशी पलंग दारापाशी सरकवावा लागला. पाडव्यानंतर चार दिवसांनी, भर दुपारी, माझ्या बायकोच्या हातून दोन घोट पेज घेऊन त्या गेल्या. लाल-निळ्या शाईच्या कागदाप्रमाणे त्यांच्या नऊशे सत्त्याण्णव पौर्णिमा झाल्या होत्या.

दहाव्याला वळसंगची माणसं पुन्हा आली. मेव्हणे ओट्यावर बसले होते, नुकतंच मुंडण केलेलं, आणि येणारा प्रत्येक जण तेच तेच विचारत होता. कधी झालं, कसं झालं, वय काय होतं. ते प्रत्येकाला नीट उत्तर देत होते, तारखेसकट, वेळेसकट. मग एक म्हातारे गृहस्थ त्यांच्याजवळ टेकले आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "सोनं झालं बाईचं. हजार पुनवा बगून गेली. पुऱ्या हजार झाल्या व्हत्या न्हवं?"

मेव्हण्यांनी तोंड उघडलं. उघडलं तसंच राहिलं. एवढा मोठा साहेब, लाखो माणसांच्या शब्दाला सही करणारा, आणि त्याला एक "हो" म्हणता येईना. पस्तीस वर्षांत या माणसावर मी किती वेळा चिडलो असेन, पण त्या क्षणी मला त्यांची जेवढी माया आली तेवढी सख्ख्या भावाची आली नसेल.

"झाल्या की," मी म्हणालो. "पुऱ्या हजार. मीच मोजल्यात."

म्हाताऱ्यांनी समाधानाने मान डोलावली. मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच माझा आकडा तपासून बघितला नाही.